गणती आणि हजेरी

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि दोन अटी घातल्या आहेत. पहिली, कॉम्प्युटरवर बोलायचं नाही. दुसरी, एआय आल्यावर आपल्या पोरांच्या नोकऱ्यांचं काय होणार, हे सांगून जेवणाआधी लोकांची भूक घालवायची नाही. दोन्ही अटी मान्य. मी समुद्रावर बोलते.

गेल्या मार्चमध्ये आपल्या वर्गातल्या आम्ही चौघी थायलंडला कोह ताओ नावाच्या बेटावर गेलो होतो. तिथे एक अख्खा दिवस बोटीतून बेटाभोवती फिरलो आणि पाच ठिकाणी पाण्यात उतरून मासे आणि प्रवाळ पाहिले. फोटो तुम्ही ग्रुपवर पाहिलेत. ‘यातला मासा कोणता?’ असं त्याखाली लिहिणारे गृहस्थ दुसऱ्या रांगेत बसले आहेत आणि आत्ता खाली बघताहेत. आज मी फोटोत न आलेली गोष्ट सांगणार आहे. बाकीच्या तिघी समोरच आहेत. त्यांची नावं घेणार नाही, असं कबूल करूनच मी माइकपाशी आले आहे.

आधी बेटाविषयी. थाई भाषेत ‘कोह’ म्हणजे बेट आणि ‘ताओ’ म्हणजे कासव. थायलंडच्या आखातातलं हे जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं बेट. विमानतळ नाही. बँकॉकहून रात्रीच्या रेल्वेनं चुंफोनला उतरायचं आणि तिथून बोटीनं बेटावर जायचं. १९३३ ते १९४७ या काळात तिथे राजकीय कैदी ठेवत असत. आज तिथे जगभरातून लोक स्कूबा डायव्हिंग शिकायला येतात. पावसाचं वेळापत्रकही आपल्यापेक्षा वेगळं. आपल्याकडे आकाशकंदील लागतात तेव्हा तिथे पावसाचा जोर असतो, कारण त्या आखातात ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमी वारे पाऊस आणतात. मार्चमध्ये पाणी बहुतेक वेळा शांत असतं, म्हणून आम्ही तो महिना निवडला.

आता तुमच्या मनातला प्रश्न. पोहता न येणाऱ्या बायका समुद्रात गेल्या कशाला? आपण सगळे कृष्णा-कोयनेच्या काठावर वाढलो. मे महिन्यात तुम्ही मुलं पाठीला पत्र्याचा डबा बांधून प्रीतिसंगमावर उड्या मारायचात. आम्ही घाटाच्या पायरीवर बसून पाय बुडवायचो आणि तुमचे कपडे सांभाळायचो. ‘पोहू नका’ असं आम्हाला कुणी म्हटलं नाही. ‘चला’ असंही कुणी म्हटलं नाही. आमच्यातल्या एकीनं पस्तिशीनंतर पुण्यात क्लास लावून पोहणं शिकून घेतलं. आम्ही उरलेल्या तिघी चव्वेचाळीस वर्षांच्या होईपर्यंत कमरेच्या वर पाण्यात गेलो नव्हतो. नदीकाठच्या पोरींना हे शोभत नाही, असं एका रात्री फोनवर ठरलं आणि तिकिटं काढली गेली.

स्नॉर्केलिंग म्हणजे खोल बुडी मारणं नव्हे. डोळे आणि नाक झाकणारा मास्क लावायचा, तोंडात वाकडी नळी धरायची, पाण्यावर पालथं तरंगायचं आणि खाली बघायचं. अंगात लाइफ जॅकेट, म्हणजे तुमच्या पत्र्याच्या डब्याचा परदेशी भाऊ. अवघड असतं ते एवढंच की श्वास तोंडानं घ्यायचा. प्राणायामाच्या वर्गात तीन वर्षं ‘तोंड बंद, नाकानं श्वास’ असं घोकलेल्या आमच्या मैत्रिणीला हे उलटं गणित पचायला पंधरा मिनिटं लागली. मास्कच्या काचेवर धुकं धरू नये म्हणून तिथे सगळे काचेवर चक्क थुंकतात, बोट फिरवतात आणि खळबळून टाकतात. ‘शाळेत पाटी अशीच पुसायचो आपण,’ असं एक जण म्हणाली आणि तेवढ्यात आमची भीती निम्मी झाली.

सकाळी नऊला मे हाड नावाच्या धक्क्यावरून बोट सुटली. आम्ही चोवीस प्रवासी, देशोदेशीचे. गाइड थाई, बोटीवरचे दोघे मदतनीस म्यानमारचे. बोट पश्चिमेकडून दक्षिणेला, मग पूर्वेला, मग उत्तरेला अशी निघाली, तेव्हा आमच्यातली एक हळूच म्हणाली, ‘अगं, ही तर उलटी प्रदक्षिणा झाली!’

गाइडनं निघताना चार नियम सांगितले. प्रवाळावर उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही. माशांना खायला घालायचं नाही. टायटन ट्रिगरफिश नावाचा मोठा मासा दिसला तर वर नाही, बाजूला सरकायचं. याचं कारण मला फार आवडलं. हा मासा तळाशी घरटं करतो आणि अंडी असताना त्याची राखण करतो. त्याची हद्द घरट्यापासून वरच्या दिशेनं रुंद होत जाते, उलट्या शंकूसारखी. म्हणजे घाबरून सरळ वर आलात तरी तुम्ही त्याच्या हद्दीतच असता. आपल्याकडे शेताच्या बांधावरून भांडणं होतात, याचा बांध उभा आहे.

चौथा नियम असा, की कुणीही एकटं पाण्यात उतरायचं नाही. जोड्या लावल्या. आम्हा चौघींच्या दोन झाल्या. एक साठी ओलांडलेले आजोबा एकटेच आले होते, त्यांना एका तरुण मुलाबरोबर जोडलं. गाइडनं चोवीस जणांची नावं एका पांढऱ्या फळ्यावर जोडीजोडीनं लिहिली आणि म्हणाला, ‘एक मासा बघा, मग एकदा जोडीदार बघा. मग पुढचा मासा.’

पहिला मुक्काम शार्क बे. नाव ऐकूनच आमच्यातल्या दोघींनी बोटीचा कठडा धरला. पण तिथले शार्क म्हणजे परांची टोकं काळी असलेले, फार तर दीड मीटरचे, माणूस दिसला की लांब पळणारे. कोकणात मुशी म्हणतात, त्याच कुळातले. एक आमच्याखालून गेला, आमच्याकडे ढुंकूनही न बघता. त्यानंतर एओ लुक, मग पूर्वेकडचं हिन वाँग, उत्तरेचं मँगो बे आणि शेवटी कोह नांग युआन, म्हणजे वाळूच्या पट्टीनं एकमेकांना जोडलेली तीन छोटी बेटं.

पाण्याखाली काय दिसतं, ते सांगायला माझी मराठी कमी पडते, पण दोन गोष्टी सांगते. मंगळासाठी बोटात घालतात ते पोवळं आपल्याला ठाऊक असतं. ते पोवळं थोडं वेगळ्या जातीचं, पण गोष्ट एकच: प्रवाळ म्हणजे दगड नाही, झाडही नाही, ते प्राणी आहेत. लहान लहान हजारो जीव शेजारी शेजारी राहून चुन्याचं घर बांधतात. उथळ पाण्यातल्या प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि घरमालकाला भाडं म्हणून देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर हे भाडेकरू बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. २०२४ मध्ये जगभरच्या समुद्रांत हे मोठ्या प्रमाणावर झालं. दुसरी गोष्ट पोपटमाशाची. हा मासा चोचीनं प्रवाळ खरवडून खातो. पाण्यात कान दिलात तर त्याचा कुरकुर आवाज चक्क ऐकू येतो. खाल्लेला चुना तो वाळू करून मागे सोडतो. प्रवाळ बेटांवरच्या ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूवर लोक लग्नाचे फोटो काढतात, तिच्यातली बरीचशी अशी तयार झालेली असते. हे सांगितल्यापासून आमच्यातल्या एकीनं वाळूत बसणं सोडलं आहे.

आता मुख्य गोष्टीवर येते.

नदीत पोहणारा माणूस लांबून ओळखू येतो. हात मारतो, पाय मारतो, डोकं वर काढतो. स्नॉर्केलिंग करणारा माणूस अगदी खूश असतो तेव्हा कसा दिसतो? पालथा, हातपाय सैल, तोंड पाण्यात, हालचाल नाही. आणि बुडालेला माणूस कसा दिसतो? अगदी तसाच. सिनेमात बुडणारी माणसं ‘वाचवा, वाचवा’ ओरडतात. खऱ्या आयुष्यात बुडणाऱ्याला बहुतेक वेळा ओरडताच येत नाही, कारण तोंड पाण्यावर येतं तेवढा क्षण श्वास घ्यायलाच पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. त्यातली किती तरी कुणाच्या तरी नजरेच्या टप्प्यात असतील आणि बघणाऱ्याला सगळं ठीक वाटलं असेल.

म्हणून तिथे खुणा ठरलेल्या असतात. हात डोक्यावर ठेवला की ‘मी ठीक आहे’. हात हवेत हलवला की ‘मदत हवी’. आमच्या एका मैत्रिणीनं कासव दिसल्याच्या आनंदात, एसटी सुटताना हलवतो तसा, जोरजोरात हात हलवला. दुसऱ्या मिनिटाला मदतनीस तिच्याजवळ रबरी रिंग घेऊन हजर. तिनं त्याला कासव दाखवलं. तो बिचारा रोज दहा कासवं बघत असणार, पण त्यानं कौतुकानं मान हलवली.

तिसऱ्या थांब्याला, हिन वाँगला, आमच्यासारख्याच आणखी दोन बोटी उभ्या होत्या. पाऊण तासानं शिटी वाजली. सगळे वर आले, टॉवेल गुंडाळून अननसाच्या फोडी खायला लागले. गाइडनं डोकी मोजली. चोवीस. मदतनीसानं पुन्हा मोजली. चोवीस. इंजिन सुरू झालं.

पण गाइडनं नांगर काढू दिला नाही. तो फळ्यापाशी गेला आणि एकेक नाव वाचायला लागला. प्रत्येकानं तोंडानं ‘हो’ म्हणायचं, नुसता हात वर केलेला चालणार नाही. दहा-बारा नावं झाली आणि आजोबांचं नाव आलं. उत्तर नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. त्यांचा जोडीदार मुलगा म्हणाला, ते माझ्या आधीच वर आले असं मला वाटलं.

मग चोवीस कसे भरले? बोटीच्या मागच्या बाजूला एक मुलगी अननस खात बसली होती. नारिंगी जॅकेट तेच, बोटी सारख्याच, ती शेजारच्या बोटीऐवजी आमच्या बोटीवर चढली होती. एक कमी, एक जास्त. बेरीज बरोबर.

आजोबा चार-पाच मिनिटांत सापडले. खडकाच्या पलीकडे, बोटी बांधायच्या बोयाचा दोर धरून होते. पोटरीत गोळा आला होता, पाय हलत नव्हता. त्यांनी जॅकेटची शिटी वाजवली होती, पण तीन इंजिनांच्या आवाजात ती कुणाच्या कानावर गेली नाही. मदतनीसानं त्यांना रिंगवर घेऊन आणलं. ते वर आले, बाकावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी गाइडचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचा तो मुलगा पुढे दिवसभर त्यांच्यापासून हातभर लांब गेला नाही.

हे नेहमीच इतकं सुखरूप संपत नाही. १९९८ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एका सहलीच्या बोटीनं परत निघताना मोजणी चुकली आणि एक अमेरिकन जोडपं समुद्रात मागे राहिलं. बोटीवर त्यांचं सामान तसंच पडलं होतं. ते मागे राहिलेत, हे लक्षात यायला दोन दिवस लागले. ते कधीच सापडले नाहीत. त्यानंतर तिथे मोजणीचे नियम कडक झाले.

इथे मी संयोजकांची एक अट अर्ध्या मिनिटापुरती मोडते. आमच्या क्षेत्रात एका बँकेची खाती जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत नेताना एकूण आकडा जुळला म्हणून कुणी सही करत नाही. एक खातं हरवलं आणि एक दुबार आलं, तरी आकडा जुळतो. म्हणून खातं समोर खातं ठेवून जुळवावं लागतं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मला हे तत्त्व इंग्रजीत अनेकांनी शिकवलं. पण हिन वाँगला बोटीवर बसल्यावर लक्षात आलं, की हे मी त्याच्या किती तरी आधी शिकले होते. पाचाडला, एसटीच्या दारात.

सर, आठवीची रायगडची सहल. गड उतरून आम्ही अर्धमेले झालो होतो. ड्रायव्हर घाई करत होता. कंडक्टरनं डोकी मोजून ‘भरले’ म्हणून सांगितलंही होतं. तुम्ही दारात उभे राहिलात, पिशवीतून तो लाल कापडी बांधणीचा हजेरीपट काढलात आणि एकेक नाव घेतलंत. कुणी झोपेत ‘हजर’ म्हटलं तर चष्म्यावरून बघायचात, नजरेला नजर मिळाल्याशिवाय पुढचं नाव नाही. एकानं दुसऱ्याची हजेरी लावायचा प्रयत्न केला, त्याचा कान अजून लाल असेल. आम्हाला तेव्हा वाटायचं, सर किती वेळ खातात! आज कळतं, गणतीत आपण आकडा असतो. हजेरीत आपल्याला नाव असतं आणि उत्तर द्यावं लागतं.

हे सगळं मी आज का सांगते आहे?

२०२१ च्या मे महिन्यात आपला एक वर्गमित्र गेला. आपल्या सगळ्यांच्या मनात त्याचं नाव आत्ता आलं असेल. तो बारा दिवस दवाखान्यात होता. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपला ते कळलं तो गेल्यानंतर आठ दिवसांनी, त्याच्या मुलानं वडिलांच्या फोनवरून कळवलं तेव्हा. त्या वीस दिवसांत ग्रुपवर रोज सुप्रभात होत होतं. वाढदिवस झाले. ग्रुपच्या माथ्यावर ४५ जणांचा आकडा होता आणि तो वीस दिवस बरोबर होता. यात कुणाची चूक होती असं मी म्हणत नाही. तो काळच तसा होता, प्रत्येकाच्या घरात काहीतरी चाललं होतं. आपल्याकडे आकडा होता, हजेरी नव्हती.

आणि मित्रमैत्रिणींनो, आपण आता ज्या वयात आलो आहोत, त्यात माणसं आरडाओरडा करत नाहीत. कुणाची नोकरी जाते, कुणाच्या घरचं बिनसतं, कुणाचा रिपोर्ट वाईट येतो, कुणी आईवडिलांच्या आजारपणात रात्र रात्र जागतं. ग्रुपवर मात्र अंगठा येतो, फूल येतं. वरून बघणाऱ्याला सगळं शांत दिसतं. तरंगणारा कोण आणि बुडणारा कोण, हे लांबून ओळखू येत नाही. जवळ जोडीदार असेल तरच कळतं.

म्हणून माझी एक सूचना आहे. शाळेच्या कार्यालयातून आपल्या दहावीच्या वर्गाची यादी मिळाली. पट ५२. आज इथे ३७ जण आले आहेत. सात जणांनी येता येत नाही म्हणून कळवलं आहे. तिघं या जगात नाहीत. राहिलेल्या पाच जणांचा ठावठिकाणा आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही. ग्रुपवर आपण ४४ आहोत, म्हणजे बरोबर २२ जोड्या होतात. या जोड्या आजच, जेवणाच्या आधी, चिठ्ठ्या टाकून लावू. जिवलग मैत्रिणींनी आपापसांत जोडी लावायची नाही, कारण त्या तशाही बोलतातच. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जोडीदाराला फोन करायचा. मेसेज नाही, फोन. आवाज ऐकायचा. मग ग्रुपवर एवढंच लिहायचं, ‘अमुक हजर’. स्वतःची हजेरी स्वतः लावायची नाही, जोडीदारानं लावायची. दोन दिवसांत फोन लागला नाही तर घरी फोन, आणि जवळ राहणाऱ्यानं घरी जाऊन यायचं. त्या पाच जणांना शोधायचं काम आम्ही चौघी अंगावर घेतो. पुढच्या मेळाव्यापर्यंत त्यातले निदान तिघं तरी या सभागृहात बसलेले असतील, असं बघू.

चौघींपैकी आम्ही तिघींनी परत आल्यावर पोहण्याचा क्लास लावला आहे. मी आता पंचवीस मीटर जाते, दमते आणि कठडा धरते. शाळेत कबड्डी खेळणारी आमची मैत्रीण न थांबता चार फेऱ्या मारते आणि दर फेरीला डोकं वर काढून मी कुठे आहे ते बघते.

माझी अजून तीन मिनिटं शिल्लक आहेत. ती मी सरांना देते. सर, आपल्या वर्गाची ती यादी मी टाइप करून आणली आहे, अक्षर मोठं ठेवलं आहे. आपण ती वाचावी, अशी सगळ्यांच्या वतीनं विनंती आहे. बावन्नच्या बावन्न नावं वाचा, कुणाचंही गाळू नका. जे इथे आहेत त्यांनी मोठ्यानं ‘हजर’ म्हणायचं. जे कळवून आले नाहीत, त्यांच्या वतीनं त्यांच्याशी शेवटचं बोललेल्यानं सांगायचं. पाच नावांना उत्तर येणार नाही, ती मी लिहून घेते. आणि तीन नावं आली की सर, आपण क्षणभर थांबा. आम्ही उभे राहू.